राखाडी झुडपांशी ओळख: बिग सेजब्रश कुठे उगवतं आणि कसं ओळखायचं

अमेरिकेच्या नेवाडा राज्यात रेनोहून एल्कोकडे गाडीने निघालात की शहर मागे पडताच दोन्ही बाजूंना राखाडी-हिरवी झुडपं सुरू होतात आणि तासन्‌तास संपत नाहीत. नव्याने आलेली आपली माणसं बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतात, "इथे तर काहीच नाही." मीही पहिल्या वर्षी तेच म्हणालो होतो, आणि मी तर माण तालुक्यातला, माळरान बघतच वाढलेला. आयडाहोतल्या बॉइसीत येऊन आता चौदा वर्षं झाली. दर वर्षी उन्हाळा सरला की नवीन मंडळींना घेऊन डोंगरावर जातो. त्यांना तोंडी जे सांगतो, ते इथे सवडीने लिहितो आहे.

ही झुडपं म्हणजे सेजब्रश. त्यातलं सगळ्यांत मोठ्या मुलखावर पसरलेलं आणि अस्सल इथलंच झुडूप म्हणजे बिग सेजब्रश, शास्त्रीय नाव आर्टेमिसिया ट्रायडेंटाटा. ते कुठे भेटतं, कुठे भेटत नाही आणि भेटल्यावर त्यातला नेमका कुठला प्रकार आहे हे कसं ठरवायचं, ते पाहू. वनस्पतिशास्त्र शिकलेलं असायची गरज नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटी मोजपट्टी, पाण्याची बाटली आणि एक वही पुरे.

आधी नावाचा घोळ मिटवा

किराणा दुकानात 'सेज' म्हणून जी पानं मिळतात ती साल्व्हियाची, म्हणजे तुळस-पुदिन्याच्या कुळातली. सेजब्रशचा त्यांच्याशी काही संबंध नाही. हे सूर्यफुलाच्या कुळातलं झुडूप, आणि त्यातही आपल्या ओळखीच्या घरातलं. चैत्रात जोतिबाला जो दवणा वाहतात तो आर्टेमिसिया पॅलेन्स. म्हणजे सेजब्रश हे दवण्याचं चुलत भावंड. वासात थोडं साम्य आहे म्हणून इथल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी याला 'सेज' म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. ओळखीचं वाटलं तरी चहात किंवा भाजीत घालू नका. पान भयंकर कडू असतं आणि त्यातली तेलं पोटाला बरी नाहीत.

ट्रायडेंटाटा म्हणजे तीन दातांचं. टॉमस नटॉल या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1841 मध्ये हे नाव दिलं. तीन दात कुठे पाहायचे ते पुढे येईलच, पण एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो: याच मुलखात आणखी दोन झुडपांच्या नावातही ट्रायडेंटाटा आहे, एक बिटरब्रश आणि दुसरं वाळवंटातलं क्रिओसोट. त्यामुळे 'तीन दात दिसले, म्हणजे झालं' असं कधी समजू नका.

पायरी पहिली: पान बघण्याआधी नकाशा बघा

महाबळेश्वरला पाऊस 6,000 मिलिमीटरच्या घरात आणि तिथून पूर्वेला शंभरएक किलोमीटरवर आमच्या माणमध्ये जेमतेम 500. सह्याद्री ढग अडवतो आणि पलीकडे पर्जन्यछाया पडते, हे आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. सेजब्रशचा सगळा मुलूख याच एका गोष्टीवर उभा आहे. पॅसिफिक महासागराकडून येणारे ढग कॅस्केड आणि सिएरा नेवाडा या रांगा अडवतात. रांगांच्या पश्चिमेला घनदाट सूचिपर्णी जंगल, पूर्वेला कोरडा मुलूख आणि त्यात सेजब्रश. फरक एवढाच की आपला पाऊस उन्हाळ्यानंतर येतो, इथला बराचसा हिवाळ्यात आणि बर्फाच्या रूपाने. बर्फ वितळून पाणी खोल जमिनीत मुरतं, वर उन्हाळा कोरडा जातो, आणि ज्याचं मूळ खोल जातं तोच तगतो. बॉइसीला वर्षाला सुमारे 300 मिलिमीटर पाणी पडतं, तेही जुलै-ऑगस्टमध्ये जवळपास शून्य.

आता नकाशावर बोट फिरवा. उत्तरेला कॅनडात, ब्रिटिश कोलंबियाच्या दक्षिण टोकाला ओकानागन आणि सिमिल्कमीन खोऱ्यांत हे झुडूप आहे. तिथून खाली पूर्व वॉशिंग्टनचं कोलंबिया खोरं, पूर्व ओरेगॉन, दक्षिण आयडाहोचं स्नेक नदीचं पठार, जवळजवळ अख्खं उत्तर आणि मध्य नेवाडा, यूटा, पश्चिम कोलोरॅडो, वायोमिंगचे उघडे पठारी भाग, मोंटाना. कॅलिफोर्नियात मुख्यतः सिएराच्या पूर्वेला. दक्षिणेला ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोचा उत्तर भाग, आणि थोडंसं मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियात. पूर्वेकडे डाकोटा आणि नेब्रास्काच्या पश्चिम कडेपर्यंत तुरळक. नेवाडाचं तर हे राज्यफूल, राज्याच्या ध्वजावर ताऱ्याखाली ज्या दोन डहाळ्या आहेत त्या याच्याच.

त्याहून उपयोगी आहे ते कुठे नाही हे कळणं. रेनो-एल्को रस्त्यावर सगळी झुडपं एकच आहेत असं वाटतं, पण तसं नसतं. जिथे जमीन सपाट, पांढुरकी आणि खारवट आहे, पावसाळी तळं वाळून मिठाचा पापुद्रा धरतो, तिथे बिग सेजब्रश जवळजवळ नसतं. तिथे ग्रीसवुड आणि सॉल्टबुश ही वेगळी झुडपं असतात. पाणी साचून राहतं तिथेही ते नसतं, त्याला मुळाशी ओल तुंबलेली चालत नाही. दक्षिणेला लास वेगासच्या बाजूला उतरलात की उष्ण मोहावी वाळवंट सुरू होतं आणि क्रिओसोट त्याची जागा घेतं. पूर्वी जमीन शोधत आलेले शेतकरी उंच सेजब्रश दिसलं की तिथे नांगर लावायचे, कारण उंच झुडूप म्हणजे खोल, निचऱ्याची, खार नसलेली माती. त्यामुळेच सगळ्यांत उंच झुडपांची रानं आज बटाट्या-बीटाच्या शेतांखाली गेली आहेत. बांधाला, रेल्वेच्या कडेला उरलेली झुडपं बघितली की मला आमच्याकडच्या बांधावरच्या बोरी-बाभळी आठवतात. नांगर जिथे पोचला नाही तिथेच तेवढी शिल्लक.

पायरी दुसरी: योग्य महिना निवडा

इथे माझी चूक सांगतो, म्हणजे तुमचे कष्ट वाचतील. पहिल्या वर्षी मी जूनमध्ये उत्साहाने तीसेक डहाळ्या आणल्या, वर्तमानपत्रात दाबून वाळवल्या, प्रत्येकीवर नाव लिहिलं. निम्म्याहून जास्त नावं चुकली. एका जाणत्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, "ही पानं कुठल्या हंगामाची?"

बिग सेजब्रशला दोन तऱ्हेची पानं येतात. वसंतात भराभर येणारी मोठी, वेड्यावाकड्या दातांची पानं उन्हाळ्याच्या कोरडेपणात गळून जातात. त्यांच्यामागून येणारी लहान, नेटकी, तीन दातांची पानं मात्र बर्फातही टिकतात. ओळख पटवायची ती या टिकाऊ पानांवरून. गळणाऱ्या पानाला चार-पाच दात असू शकतात, किंवा एकही नसतो. फुलं येणाऱ्या तुऱ्यावरची पानंही बिनदाताची असतात, तीही धरू नका. म्हणून ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर हा काळ उत्तम. तेव्हा टिकाऊ पानं, फुलोरा आणि झुडपाचा घाट हे तिन्ही एकदम बघायला मिळतं. फक्त ज्यांना परागकणांची ॲलर्जी आहे त्यांनी सप्टेंबरात जपून. याची फुलं वाऱ्यावर परागण करतात, आणि त्या दिवसांत नाक-डोळे वाहणारी माणसं इथे घरोघरी दिसतात.

वसंतात गेलात तर घरी येऊन कपडे झटका, पायाला गोचिड्या चिकटलेल्या असू शकतात. उन्हाळ्यात गाडी वाळलेल्या गवतावर कधीही उभी करू नका. तापलेल्या सायलेन्सरने गवत पेटतं आणि इथलं गवत पेटणं म्हणजे काय, ते पुढे लिहिलं आहे.

पायरी तिसरी: हे बिग सेजब्रशच आहे ना?

एक डहाळी हातात घ्या. पान देठाशी निमुळतं, टोकाकडे रुंद, लाकूड फोडायच्या पाचरीसारखं. टोकाला करवतीसारखे तीन उथळ दात. रंग राखाडी-हिरवा, दोन्ही बाजूंनी सारखाच. भिंगातून बघितलंत तर पानावर बारीक पांढऱ्या केसांची रेशमी लव दिसेल. हा राखाडीपणा त्या लवेचाच, ती ऊन परतवते आणि पाणी धरून ठेवते. थोड्या जुन्या खोडावरची साल लांब पट्ट्यांनी सुटते, हाताने ओढली तर सुंभासारखी निघते. ओरेगॉनमधल्या फोर्ट रॉक गुहेत 1938 मध्ये सेजब्रशच्या सालीच्या विणलेल्या वहाणा सापडल्या, त्या 9,000 वर्षांहून जुन्या आहेत. सालीची एक पट्टी बोटांवर वळून बघा, त्या वहाणा कशा विणल्या असतील ते लगेच कळतं.

मग पान चुरगाळा. कापूर, निलगिरी आणि टर्पेंटाईनच्या मधला उग्र वास आला पाहिजे. वास नाही तर ते सेजब्रश नाही.

गल्लत होते ती या झुडपांशी. बिटरब्रशच्या पानालाही पाचरीचा आकार आणि तीन दात असतात, नवखा माणूस हमखास इथेच फसतो. पण ते पान वरून हिरवं, कडा खाली मुडपलेल्या, आणि चुरगाळल्यावर कापराचा वास अजिबात नाही. ते गुलाबाच्या कुळातलं, मे महिन्यात पिवळ्या पाच पाकळ्यांची फुलं येतात. रॅबिटब्रशची पानं दोऱ्यासारखी अरुंद, कोवळ्या फांद्यांवर मऊ लव, आणि सप्टेंबरात झुडूप झेंडूसारखं पिवळंजर्द होतं. सेजब्रशचं फूल एवढं बारीक आणि फिकट की ते फुललंय हे लांबून कळतच नाही. सॉल्टबुशला वास नसतो, फळाला चार पंख असतात. ग्रीसवुड काटेरी, पान गरदार आणि हिरवंगार.

कधी पानांवर लहान बोराएवढ्या मऊ गाठी दिसतील, काहींवर पांढरी लव. ते फळ नव्हे. बारीक माशी पानात अंडी घालते आणि झाड तिच्या अळीभोवती ती गाठ बनवतं. एक गाठ नखाने उघडून बघा, आत अळी सापडेल.

पायरी चौथी: तिघांपैकी कोण?

खरं काम इथे सुरू होतं. बिग सेजब्रशच्या तीन मुख्य उपजाती आहेत: बेसिन, वायोमिंग आणि माउंटन. सामान्य माणसाला हे तिन्ही एकच दिसतात. मग इतक्या खोलात का जायचं, असं मला दर वेळी कुणीतरी विचारतंच.

ऑगस्ट 2015 मध्ये आयडाहो-ओरेगॉन सीमेवर सोडा फायर नावाचा वणवा लागला आणि 2.75 लाखांहून जास्त एकर जळून गेले. बिग सेजब्रश जळालं की मेलं, बुंध्यातून पुन्हा फुटत नाही. बी बारीक, एका किलोत 40 ते 50 लाख, पण ते आईच्या झुडपापासून फार लांब जात नाही, बहुतेक काही मीटरांतच पडतं, आणि मातीत फार काळ जिवंतही राहत नाही. म्हणजे जळालेल्या पट्ट्याच्या मध्यावर माणसांनी बी नेऊन टाकल्याशिवाय ते लवकर येत नाही. आणि तेव्हा बी चुकीच्या उपजातीचं टाकलं तर रोप उगवतं, वर्ष-दोन वर्षं जगतं आणि मरतं. डोंगरावरचं बी खालच्या कोरड्या पठारावर तगत नाही. नाव चुकलं की सगळी मेहनत मातीमोल होते, मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. मधल्या काळात रिकाम्या जागेत युरेशियातून आलेलं चीटग्रास नावाचं गवत घुसतं. ते जूनमध्येच वाळून कोळ होतं, पुन्हा पेट घेतं, आणि वाचलेली झुडपंही जातात. बॉइसीच्या दक्षिणेला स्नेक नदीकाठी शिकारी पक्ष्यांसाठी राखलेला मोठा प्रदेश आहे. तिथलं पुष्कळसं वायोमिंग सेजब्रश 1980 नंतरच्या वणव्यांत असंच गेलं. आज तिथे उभं राहिलं की लांबवर नुसतं पिवळं गवत दिसतं.

आता ओळख. चार गोष्टी क्रमाने बघा: जागा, बुंधा, डोकं, पान.

बेसिन बिग सेजब्रश खोल मातीत वाढतं, म्हणजे दरीच्या तळाशी, कोरड्या ओढ्यांच्या काठाने, शेतांच्या बांधाला. माणसाएवढं किंवा त्याहून उंच, चांगल्या जागी तीन-चार मीटर. एकच जाड बुंधा जमिनीतून वर येतो आणि मग फांद्या फुटतात, अगदी लहान झाडासारखं. माथा ओबडधोबड, फुलांचे तुरे झुडपाच्या अंगाखांद्यावरून कुठूनही निघालेले. पान लांब आणि अरुंद, रुंदीच्या चार-पाचपट लांबी, कडा बऱ्याच अंतरापर्यंत समांतर जातात. याच्या मुळांबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. रात्री ती खोल ओल्या थरातलं पाणी वर ओढतात आणि वरच्या कोरड्या मातीत सोडतात, दिवसा तेच पाणी पुन्हा वापरतात. यूटा स्टेट विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी 1987 मध्ये हे याच झुडपावर दाखवून दिलं.

वायोमिंग बिग सेजब्रश सगळ्यांत कोरड्या आणि उथळ मातीच्या पठारांवर, वर्षाला 200 ते 300 मिलिमीटर पावसात. उंची कंबरेपेक्षा कमी, क्वचितच मीटरभर. इथे वाकून बुंधा बघा: जमिनीपाशीच तो दोन-तीन पिळदार फांद्यांत फाटलेला असतो, मुख्य खोड असं हाती लागतच नाही. माथा विस्कटलेला. पान आखूड, एक-दोन सेंटिमीटर, आणि कडा टोकाकडे बाहेर वळत जातात, उलट्या धरलेल्या घंटेसारख्या. वाढ सावकाश. मनगटाएवढं खोड दिसलं तर ते पन्नास वर्षांचं असू शकतं. जळाल्यावर सावरायला याला सर्वांत जास्त काळ लागतो आणि सगळ्यांत जास्त जळतं तेही हेच, म्हणून माझा जीव यातच जास्त अडकलेला आहे.

माउंटन बिग सेजब्रश वरच्या उतारांवर, साधारण 5,000 फुटांपासून पुढे, जिथे बर्फ जास्त पडतो. उत्तरेकडे याहून खालीही भेटतं. याचं डोकं लांबूनच ओळखू येतं: माथा सपाट, कात्री फिरवून सारखा केल्यासारखा, आणि फुलांचे तुरे त्या सपाटीच्या वर एका रांगेत उभे. हिवाळ्यातही वाळक्या तुऱ्यांची ती झालर दिसते. पान तिघांत रुंद. शेजारी गवत आणि रानफुलं दाट.

झुडपाच्या एकट्या उंचीवर विश्वास ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. उथळ मातीत खुरटलेलं बेसिन वायोमिंगएवढंच दिसतं. आणि दोघांच्या सीमेवर संकर सर्रास होतो. अशा झुडपाला ओढूनताणून नाव देण्यापेक्षा वहीत 'मधलं' असं लिहा. तज्ज्ञही तेच करतात.

पायरी पाचवी: नाक आणि पाणी

माझी आई पहिल्यांदा इकडे आली तेव्हा तिला डोंगरावर नेलं. तिने पान चुरगाळलं, हुंगलं आणि म्हणाली, "दवण्यातलंच आहे रे, पण याला दवण्याची गोडी नाही. हे कापराकडे झुकतं." वर गेल्यावर दुसरं पान दिलं, तर म्हणाली, "हे निराळं. यात पुदिना आहे." कुठल्याही पुस्तकाला हात न लावता तिने वायोमिंग आणि माउंटन वेगळे काढले. माउंटनचा वास खरोखरच सौम्य, गार, पुदिना-कापरासारखा. बेसिन आणि वायोमिंगचा तिखट, नाकात जाणारा. मात्र एका वेळी दोन-तीन झुडपांपेक्षा जास्त हुंगू नका, नंतर नाक बधिर होतं आणि सगळं सारखंच वाटतं.

नाकाची खात्री नसेल तर पाण्याची परीक्षा करा. दुकानात नोटा तपासायला जांभळा दिवा असतो ना, तसल्या अतिनील किरणांची, 365 नॅनोमीटरची छोटी बॅटरी विकत मिळते. काचेच्या लहान पारदर्शक बाटलीत साधं पाणी घ्या, पाच-सहा टिकाऊ पानं बारीक करून टाका, हलवा आणि काही मिनिटं थांबा. मग अंधाऱ्या खोलीत बाजूने बॅटरी मारा. माउंटन असेल तर पाणी दुधाळ आकाशी रंगाने लख्ख उजळतं. पानातली कुमारिन वर्गातली द्रव्यं पाण्यात उतरतात, त्यांची ती चमक. बेसिन आणि वायोमिंगचं पाणी मंद राहतं, फार तर पुसट झाक. पहिल्यांदा चमक दिसते तेव्हा लहान मुलंच काय, मोठी माणसंही गप्प होतात. दोन सूचना: डोळ्यांत बॅटरी मारू नका, आणि सेजब्रशच्या इतर काही जातींचं पाणीही चमकतं. म्हणून आधी ते बिग सेजब्रशच असल्याची खात्री, मगच ही परीक्षा. बेसिन-वायोमिंगमधला फरक याने कळत नाही, तिथे बुंधा आणि पानच.

इतर भाऊबंद, थोडक्यात

पान तीन खोल, अरुंद बोटांत चिरलेलं, अगदी त्रिशूळासारखं असेल तर ते थ्रीटिप सेजब्रश. स्नेक नदीच्या पठारावर ते पुष्कळ. पानाला दातच नाहीत, पान लांबट आणि चंदेरी, तर सिल्व्हर सेजब्रश. ते जळाल्यावर पुन्हा फुटतं आणि पूर्वेकडे मोंटाना-डाकोटाच्या गवताळ मैदानांत पोचतं. झुडूप गुडघ्याच्याही खाली आणि माती उथळ किंवा चिकण असेल तर लो सेजब्रश. तसंच बुटकं, पण रंगाने काळपट, पान बोटाला किंचित चिकट आणि गेल्या वर्षीचे लालसर तपकिरी तुरे तसेच उभे असतील तर ब्लॅक सेजब्रश. ते बहुधा चुनखडीच्या जमिनीत असतं. वाळूत वाढणारं, केसासारख्या पानांचं ते सँड सेजब्रश, ते दक्षिणेकडच्या मैदानांत.

एक चढण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

बॉइसीत असाल तर बोगस बेसिनच्या रस्त्यासारखी शाळा नाही. शहर 2,700 फुटांवर आणि वर बर्फावर घसरायला लोक जातात ती जागा 6,000 फुटांच्या वर. अंतर जेमतेम सोळा मैल. खाली शहराला लागूनच टेकड्यांवर थांबा. कोरड्या ओढ्यात उतरून डोक्याएवढं झुडूप शोधा: एकच बुंधा, अरुंद पान. ते बेसिन. तिथेच वर उघड्या, चीटग्रासने भरलेल्या धारेवर कंबरेखालची झुडपं बघा आणि बुंध्याशी वाका. जमिनीपाशी फाटलेला असेल आणि पान आखूड घंटेसारखं असेल तर वायोमिंग. थोडं वर गेल्यावर बिटरब्रश सुरू होतं. दोन्ही पानं शेजारी-शेजारी तळहातावर ठेवा, एक हिरवं आणि बिनवासाचं, दुसरं राखाडी आणि सुगंधी. अर्ध्या चढणीनंतर झुडपांचे माथे सपाट व्हायला लागतात. तिथे थांबून हुंगा, बाटलीत पानं टाकून ठेवा, घरी जाऊन तपासा. त्याच्याही वर देवदारासारखी सूचिपर्णी झाडं गर्दी करतात आणि सेजब्रश फक्त मोकळ्या जागांत उरतं.

सॉल्ट लेकला वॉसॅच डोंगररांगेच्या कोणत्याही खिंडीत, रेनोला सिएराच्या पूर्व उतारावर हाच क्रम कमी-अधिक फरकाने बघायला मिळतो. पूर्व वॉशिंग्टनमध्ये मात्र उंची कमी, तिथे मातीच्या खोलीवर जास्त लक्ष ठेवा.

नोंद कशी ठेवायची

प्रत्येक झुडपाचे चार फोटो: पूर्ण झुडूप माणूस शेजारी उभा करून, बुंधा जमिनीलगत, माथा आभाळाच्या पार्श्वभूमीवर, आणि पाच टिकाऊ पानं मोजपट्टीजवळ. हा पानांचा फोटो लोक विसरतात आणि मग कुणालाच ठामपणे काही सांगता येत नाही. वहीत तारीख, जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची, उतार कोणत्या दिशेला, माती खोल की दगडाळ, वास कसा, सोबत कोणतं गवत. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना उपजातीची खात्री नसेल तर नुसतं बिग सेजब्रश लिहून थांबा. डहाळी घ्यायची असेल तर राष्ट्रीय उद्यानात तोडायला मनाई असते, इतर सरकारी जमिनीवर स्थानिक कार्यालयाला आधी विचारा. जुने, तज्ज्ञांनी नाव दिलेले नमुने पाहायचे असतील तर बॉइसी स्टेट विद्यापीठात स्नेक रिव्हर प्लेन्स हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे आणि लोगनला यूटा स्टेट विद्यापीठात इंटरमाउंटन हर्बेरियम. आपली डहाळी त्यांच्या नमुन्याशेजारी ठेवून बघण्यासारखं शिक्षण नाही.

हिवाळ्यात झुडपाखाली बर्फात खुणा बघा. सेज ग्राउस नावाचा मोठा पक्षी, आपल्या माळढोकासारखा मोकळ्या माळावर नाचणारा, थंडीत जवळजवळ फक्त ही पानं खाऊन जगतो. त्याची विष्ठा लांबट नळ्यांसारखी, गवताच्या रंगाची, आणि फोडली तर त्याला सेजब्रशचाच वास येतो. पिग्मी रॅबिट हा ओंजळीत मावेल असा ससा उंच, दाट बेसिन सेजब्रशखालच्या मऊ मातीत बिळं करतो. या दोघांच्या खुणा सापडल्या तर वहीत ठळक लिहा, आणि बिळांवर पाय देऊ नका.

माउंटनचं बी आधी, ऑक्टोबरच्या आसपास तयार होतं. बेसिन आणि वायोमिंगचं नोव्हेंबर-डिसेंबरात. तेव्हा जळालेल्या पट्ट्यांसाठी बी गोळा करणाऱ्या गटांना माणसं लागतात. तुरा तळहातावर चोळायचा, भुसा फुंकायचा, मागे मिरपुडीसारखे दाणे राहतात. पिशवीवर उपजात, जागा आणि उंची लिहिल्याशिवाय पुढच्या झुडपाकडे जायचं नाही.